पौषातले पाहुणे

मराठीच्या प्राध्यापकाला पक्ष्यांची वाण कधीच पडत नाही. चातक, चकोर, चक्रवाक, राजहंस अशी एकाहून एक नामांकित पाखरे गेली वीस वर्षे मी वर्गात उडवीत आलो आहे. त्यांतले एकही पुढ्यात येऊन बसले असते, तरी मला ओळखता आले नसते, ही गोष्ट वेगळी. एकदा मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने उभे राहून विचारले, “सर, चक्रवाक म्हणजे नेमका कोणता पक्षी?” मी म्हणालो, “एक प्रकारचे बदक,” आणि घाईघाईने पान उलटले. पुढे कळले की उत्तर बरोबर होते. चक्रवाक हे खरोखरच तांबूस-नारिंगी रंगाचे एक बदक असते आणि हिवाळ्यात ते आपल्याकडच्या तलावांवर पाहुणे म्हणून येते. पण बरोबर उत्तर देऊनही इतके ओशाळे वाटल्याचा तो माझ्या नोकरीतला एकमेव प्रसंग.

हे सारे आठवायचे कारण म्हणजे २०२५ च्या जानेवारीतला एक रविवार. संक्रांत नुकतीच झाली होती. आम्ही तिघे, म्हणजे मी, सौभाग्यवती आणि सातवीत शिकणारी आमची लेक, शनिवारी सकाळी गेटवेहून मांडव्याच्या बोटीत बसलो. निघालो होतो नागावला, काकूकडे. लेकीच्या गळ्यात दुर्बीण होती, सौभाग्यवतींच्या पिशवीत तिळगुळाचा डबा होता, आणि माझ्या पिशवीत एक कागद होता. नागावच्या वाडीत माझ्या वडिलांचा हिस्सा आहे. वडील गेले, काका गेले; आता वाडीत काकू एकटी राहते. तिचा मुलगा, माझा चुलतभाऊ, ठाण्याला असतो. मुंबईचे एक गिऱ्हाईक वाडी विकत घ्यायला तयार होते. त्यांना तिथे सुट्टीतल्या पाहुण्यांसाठी छोटे बंगले बांधायचे होते. माझी सही झालेली होती. काकूची राहिली होती, आणि “तुझं ती ऐकते” असे सांगून भावाने ते काम माझ्यावर सोपवले होते.

भावाची बाजू चुकीची होती असे कोणी समजू नये. आदल्या पावसाळ्यात काकू विहिरीपाशी पाय घसरून पडली, आणि दूधवाला येईपर्यंत तास-दीड तास तशीच पडून होती. पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाईला एकटे ठेवून ठाण्यात कोणाला झोप लागेल? आणि खरे सांगायचे तर माझ्या हिश्शाचे पैसे मी मनातल्या मनात केव्हाच खर्चून टाकले होते. थोडे घराच्या कर्जात आणि उरलेले लेकीच्या शिक्षणात.

बोट बंदराबाहेर पडली तसे कुरव मागे लागले. मांडव्याला जाणाऱ्यांना हे दृश्य नवे नाही. पांढरे, करडे, भरदार पंखांचे हे पक्षी बोटीच्या कठड्यालगत असे तरंगत राहतात, की हात लांब केला तर चोच हाताला लागावी. लोक त्यांना वेफर आणि गाठ्या भिरकावतात आणि ते हवेतल्या हवेत टिपतात. मीही एक वेफर उडवला. लगेच लेकीने मला दटावले, “बाबा, ते तळकट आणि मीठ त्यांच्या पोटाला चालत नाही. शिवाय फुकटचं मिळालं की मासे धरायचे सोडून बोटीमागेच लागतात.” बाजूच्या कुटुंबातल्या एका गृहस्थांनीही हातातली पुडी हळूच खिशात घातली.

मग तिने मला दुर्बिणीतून कुरव दाखवला. डोळ्यामागे एक काळसर ठिपका, कानाला तीट लावल्यासारखा. उन्हाळ्यात याचे सगळे डोके तपकिरी असते. हिवाळ्यात तो रंग जातो आणि एवढा ठिपकाच मागे राहतो. पंखांच्या काळ्या टोकांत पांढरे आरसे. हा तपकिरी डोक्याचा कुरव लडाखच्या आणि तिबेटच्या पठारावरच्या उंच सरोवरांकाठी अंडी घालतो, आणि तिकडचे पाणी गोठू लागले की हिमालय ओलांडून आपल्या किनाऱ्यावर येतो. मार्च-एप्रिलात परत निघताना त्याचे डोके पुन्हा तपकिरी होऊ लागते. एवढ्या लांबून आलेल्या पाहुण्याला मी बटाट्याचा वेफर दिला होता.

अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला लागले की साखरची खाडी ओलांडून आक्षी लागते, आणि पुढे नागाव. हा सारा अष्टागराचा मुलूख. रस्त्याच्या एका अंगाला भाताचे रिकामे वावर, त्यात कुठे वालाचे, कुठे पांढऱ्या कांद्याचे हिरवे तुकडे. दुसऱ्या अंगाला एकीला एक लागून वाड्या, आणि वाड्यांच्या पलीकडे समुद्र. पूर्वी या वाड्यांतून दिवसाही अंधार असे. वर नारळ, त्याखाली पोफळी, त्याखाली केळी आणि जायफळ, अशी तीन मजली सावली. आता तसे राहिलेले नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि दोन-तीन पिढ्यांनी वाढवलेली झाडे काही तासांत आडवी झाली. आमच्या वाडीतल्या पोफळी तर काड्यांसारख्या मोडल्या. काही नारळ उभे राहिले, पण शेंड्यावाचून. त्याच वर्षी पाऊस ओसरल्यावर काकूने आणि माझ्या भावाने मिळून चाळीस पोफळी नव्याने लावल्या होत्या. पोफळ धरायला पाच-सात वर्षे लागतात. सत्तरीच्या बाईने ती लावावी याचे तेव्हा आम्हा सर्वांना कौतुक वाटले होते, आणि थोडे हसूही आले होते.

त्या रात्री शेजाऱ्यांकडे पोपटी होती. वालाच्या शेंगांचे मडके आत भांबुर्डीचा पाला घालून जाळात ठेवलेले, भोवती आम्ही सगळे. कागदाचा विषय काढायला ती जागा नव्हती. मी मनाशी म्हटले, उद्या पाहू.

पहाटे जाग आली ती थंडीने. कोकणातल्या थंडीला देशावरचे लोक हसतात, पण त्यांनी पौषात नारळीच्या वाडीत एक रात्र काढून पाहावी. थंडीबरोबर इथे ओल येते, आणि ती गोधडीतून आत शिरते. काकू पडवीसमोर पाचोळा आणि नारळाची सोडणे पेटवून शेकत बसली होती. झावळ्यांवरून दंवाचे थेंब पत्र्यावर टपटपत होते. लेक शाल पांघरून दुर्बीण सरसावून बसलेलीच होती.

मला वाटत होते, पाखरे उजाडताच उठून गाऊ लागतात. तसे काही नाही. थंडीच्या दिवसात तीही आपल्यासारखीच अंथरुणाबाहेर यायला कुरकुरतात. पहिला आला दयाळ. काळापांढरा, शेपटी उभारलेला. चैत्रात हाच पक्षी अशी तान घेतो की ऐकत राहावे, पण पौषात या गवयाचा गळा बसलेला असतो. तो नुसता चिरचिर करून गेला. मग तगरीच्या फांदीवर दोन बुलबुल येऊन बसले, पण कसे? सगळी पिसे फुलवून, लोकरीच्या गुंड्यांसारखे गोल होऊन. लेक म्हणाली, “पिसं फुलवली की मधे हवा अडकते आणि आतली ऊब बाहेर जात नाही.” काकू म्हणाली, “म्हणजे गोधडीच की.”

ऊन शेवग्याच्या शेंड्याला लागले तेव्हा तांबट दिसला. उन्हाळ्यात दुपारभर ठोक-ठोक करून डोके उठवणारा हा पक्षी मी जन्मभर ऐकला होता. पाहिला त्या दिवशी. चिमणीहून थोडा मोठा, हिरवा, आणि कपाळावर व छातीवर कुंकवाचा लाल टिळा. उघड्या फांदीच्या टोकावर उन्हाकडे छाती करून तो एक अक्षर न बोलता दहा मिनिटे बसून राहिला. त्याचा कारखाना हवा तापल्यावर सुरू होतो. शिंजीर तर आठ वाजल्याखेरीज आलाच नाही. आला तो जास्वंदीच्या फुलात चोच खुपसून जांभळ्या मखमलीसारखा चमकत राहिला. हळद्याचा पिवळा पट्टा केळींवरून एकदाच गेला. “हाही थंडीचाच पाहुणा,” काकू म्हणाली, “पावसाळ्यात नसतो.”

तिचे ज्ञान पुस्तकातले नाही. आमची लेक ज्याला भारद्वाज म्हणते त्याला ती कुकुडकुंभा म्हणते, आणि त्याचे तोंड पाहिले की दिवस चांगला जातो, असे दोघींनाही वाटते. विहिरीच्या कठड्यावर शेपूट वरखाली हलवीत एक करडा-पिवळा धोबी चालत होता. “हा भाद्रपदात येतो,” काकू सांगू लागली, “गणपती जाऊन चार दिवस झाले की कठड्यावर हजर. फाल्गुनापर्यंत राहतो. रोज याच ठिकाणी.” लेकीने मोबाईलवर पाहून सांगितले की करडा धोबी हिमालयात आणि त्याच्याही उत्तरेला घरटे करतो. काकूने कठड्याकडे पाहिले. “मग एवढ्या लांबून माझी विहीर कशी सापडते याला?” पक्षी वर्षामागून वर्षे त्याच हिवाळी मुक्कामाला परत येतात, हे पायात वाळे घालून केलेल्या अभ्यासातून सिद्ध झालेले आहे. पण सापडते कशी, याला सूर्य, तारे, पृथ्वीचे चुंबकत्व अशी निरनिराळी उत्तरे दिली जातात, आणि ती सारीच एका वेळी खरी असावीत असे दिसते.

शेंडा गेलेले दोन नारळ काकूने अजून तसेच उभे ठेवले आहेत. मी ते तोडायचे सुचवले. काकूने नुसते बोट दाखवले. एका बुंध्याच्या भोकातून पोपटाची लाल चोच डोकावत होती, आणि दुसऱ्याच्या भोकात पिंगळ्याचे जोडपे एकमेकांना चिकटून, डोळे अर्धे मिटून ऊन खात बसले होते. झाड मेल्यावर त्याचे बिऱ्हाड वाढते, हे मला माहीत नव्हते.

इथून थोडे उत्तरेला किहीम. १९३० साली एक बेकार तरुण तिथल्या वाडीत सुगरणीची घरटी पाहत बसला होता. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममधली नोकरी सुटलेली, हाती वेळच वेळ. घरटे बांधतो तो नर. मादी येऊन ते तपासते, पसंत पडले तर राहते. मग नर लगेच दुसरे घरटे आणि दुसरी मादी यांच्या मागे लागतो, हे सुगरणीच्या संसारातले गुपित त्याने तिथे नोंदवले. तो तरुण म्हणजे डॉ. सलीम अली. नोकरी टिकली असती तर हे काम कदाचित झालेच नसते. मराठीत पक्ष्यांची नावे गोळा करून ‘पक्षिकोश’ करणारे मारुती चितमपल्ली यांचे पुस्तक माझ्या कपाटात अनेक वर्षे आहे. मी ते शब्दांसाठी चाळीत असे. खिडकीतून बाहेर पाहून चाळावे असे कधी सुचले नाही.

त्या दिवशी पौष वद्य पंचमी. काकूने बोटांवर हिशेब केला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आमच्याकडचा जुना आडाखा. पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे भरती दुपारी पावणेचारला आणि ओहोटी दहाच्या सुमारास. “नऊला निघा,” तिने सांगितले. पक्षी पाहायला ओहोटी हवी. ओली वाळू उघडी पडते तेव्हाच त्यांचे ताट वाढले जाते.

नागावच्या पुळणीवर रविवारी घोडागाड्या, पाण्यावरच्या मोटारी आणि नारळपाणीवाले यांचीच गर्दी असते. आम्ही वाळूवरून उत्तरेकडे आक्षीच्या दिशेने चालू लागलो. वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत होता आणि नाक बधिर झाले होते. सुरूचे बन लागले, माणसे विरळ झाली, आणि पाण्याच्या कडेला ठिपके दिसू लागले. मला ते शिंपल्यांचे तुकडे वाटले. लेकीने दुर्बीण दिली, आणि त्या शिंपल्यांना डोळे फुटले!

शंभर-दीडशे चिखले उभे होते. सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला, वाऱ्याकडे. उलटे उभे राहिले तर वारा पिसांत शिरतो आणि ऊब जाते. पुष्कळसे एका पायावर; दुसरा पाय पोटाच्या पिसांत, आपण खिशात हात घालतो तसा. त्यांच्या पुढे, लाटेच्या अगदी ओठावर, पांढुरकी छोटी पाखरे धावत होती. लाट मागे सरली की तिच्यामागे पळायचे, वाळूत भराभर टोचायचे, लाट आली की पाय न भिजवता परत पळायचे. इंग्रजीत यांना सँडरलिंग म्हणतात. जाळे नीट करीत बसलेल्या दोन कोळ्यांना नाव विचारले, दोघेही म्हणाले, “चिखलेच ते.” वजन पन्नास-साठ ग्रॅम, म्हणजे एका मोठ्या लिंबाएवढे. आणि हे जन्मतात कुठे? उत्तर ध्रुवाजवळच्या ओसाड टुंड्रात. तिथली जमीन गोठली की निघायचे, आणि नागाव-आक्षीच्या वाळूत येऊन पाय न भिजवण्याचा खेळ खेळायचा.

वाळूवरची ही पंगत नीट पाहिली की तिथली शिस्त ध्यानात येते. आखूड चोचीचा चिखल्या वरवरचे टिपतो. त्याहून लांब चोचीचा तुतवार इंचभर खाली जातो. आणि कोरल, त्याची चोच तर कोयत्यासारखी लांब आणि खाली वळलेली. तो खोल बिळातला खेकडा ओढून काढतो. एकाच पानावर जेवतात, पण एकाच्या वाटीत दुसऱ्याचा हात जात नाही. खडकांपाशी तीन काळे-पांढरे पक्षी होते, चोच गाजरासारखी लाल. ते कालवे फोडून खाणारे. त्यांच्या बाजूला एक बगळा. पण पाटीसारखा काळा! काळा बगळा या शब्दप्रयोगाला मी विद्यार्थ्याच्या वहीत तांबडी रेघ मारली असती. तो समुद्र-बगळा होता. यांत काळे असतात तसे पांढरेही असतात.

इतक्यात एक जीपगाडी ओल्या वाळूवरून भरधाव आली. सगळा थवा एकदम उठला, हवेत वळताना क्षणभर चांदीसारखा चमकला, आणि लांब जाऊन बसला. “काय सुंदर!” मी म्हणालो. लेक गप्प होती. मग म्हणाली, “बाबा, ओहोटी चारपाच तासच असते. तेवढ्यात यांना पोट भरायचं असतं. असं सारखं उडवलं तर खाल्लेलं उडण्यातच जातं.” गाडी परत आली. थवा पुन्हा उठला. या वेळी मी काही म्हणालो नाही.

भरतीचे पाणी पुढे सरू लागले तसे पक्षी आपसूक आमच्याकडे येऊ लागले. आम्ही सुरूच्या आडोशाला न हलता बसलो. एक वाजेपर्यंत चिखले पंधरा-वीस पावलांवर आले होते.

परतताना मी दोघींना आक्षीचा शिलालेख दाखवला. मराठीचा माणूस तिथून तसाच जाऊ शकत नाही. पुष्कळ अभ्यासक त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ असा मानतात, आणि मराठीतला तो सर्वांत जुना लेख धरतात. केशिदेवराय या शिलाहार राजाला त्यात पश्चिम समुद्राचा अधिपती म्हटले आहे. देवीच्या बोडणासाठी धान्य लावून दिल्याची नोंद आहे, आणि शेवटी महालक्ष्मीची आण घातली आहे. दिलेले मोडू नये म्हणून दगडावर आण घालण्याची ही जुनी रीत वर्गात मी चवीने सांगतो. त्या दिवशी पिशवीतल्या कागदामुळे असेल, ती चव लागली नाही.

घरी आलो तेव्हा काकूने ताटे घेतली होती. जेवणे झाली, आणि हात पुसतापुसता तीच म्हणाली, “कागद आणलायस ना? दे इकडे. सकाळपासून पिशवी खांद्यावरून उतरवली नाहीस, तेव्हाच कळलं.”

तिने चष्मा लावून सगळा कागद वाचला. चतुःसीमेपाशी थांबली, पश्चिमेच्या शेजाऱ्याचे नाव चुकले होते ते दाखवले. मला पुष्कळ बोलायचे होते, पडण्याबद्दल, दूधवाल्याबद्दल. तिने मला वाडीत नेले. नव्या पोफळींपैकी कित्येक मेल्या होत्या, काही वाढल्या नव्हत्या. पण नऊ झाडांना पहिली पोय आली होती. “मार्गशीर्षात उतरतील,” ती म्हणाली. “तेवढी माझ्या हाताने उतरवते. मग सही करते. तोवर एकटी राहू नको म्हणत असाल तर रात्री सोबतीला बाई ठेवते, तिचा पगार तुम्ही दोघांनी द्या.” कागद तिने देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवला.

बोटीतून भावाला फोन लावला. वारा होता, कुरव ओरडत होते, निम्मे बोलणे ऐकू गेले नाही. बाईच्या पगाराला तो लगेच कबूल झाला. मग विचारले, “किती झाडांना आली म्हणालास?” मी म्हटले, “नऊ.” “चाळीस लावली होती आम्ही,” तो म्हणाला, “खड्डे मी खणले होते.”

हे लिहीत असताना सप्टेंबर संपत आला आहे. परवा काकूचा फोन होता. पोफळींना घड बरे आहेत, सोबतीच्या बाईशी तिचे पटत नाही, आणि धोबी आला आहे. गेल्या वर्षीचाच की दुसरा, हे लेकीला विचारून कळवायला सांगितले आहे.